एका बोकडाची कंदुरी

नाम्या, काल तू पायजे होतास बे! कसम से, पायजेच होतास. तू जाऊन दीड महिना झाला. ह्या दीड महिन्यात तुझ्या आठवणीनं रडलो, दुकानात सुरी हातात धरून नुसता उभा राहिलो. पण काल मला तुझा राग आला. लई राग आला. आसला तमाशा बघायचा टाकून कुणी मरतं का?

हाताला अजून धुराचा वास हाय. वरडून वरडून घसा बसलाय. जुबेदा म्हणती, "पडा जरा, वय काय झालं तुमचं." पण मला पडवत न्हाई. ज्याला सांगायचं तो एकटा तूच, आन् तू गेलास निघून. म्हणून लिहायला बसलो. एक बरं हाय, आज तुला मधी तोंड घालता यायचं न्हाई. साळंत एका बाकावर बसलो तवापासून पहिल्यांदाच मी बोलणार आन् तू ऐकणार.

तुझी कंदुरी झाली बे! टेकडीवरच्या पीराला तू बोललेला नवस फिटला. तुझ्या सारिकानं लेक कडंवर घेऊन पायरीवर डोकं टेकवलं. किती वर्षांनी तिच्या घरात पाळणा हालला. तवा तूच तर फोनवर वरडलातास, "बशऱ्या, आजा झालो! पीराला बोकड लागतंय!" मला वाटलं, चला, आता मोठी कंदुरी. पाच-सात बोकडं, आजूबाजूची समदी गावं, टेकडीवर चुलीच चुली. मी त्याच आठवड्यात देगेला कल्हई करून आणली.

आन् तू काय केलंस? घाटनांदूरच्या ठेसनाबाहेर चहा पीत बसलतो आपण. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आन् म्हणलास, "एकच बोकड कापायचं."

मला वाटलं, चेष्टा. म्हणलं, "आन् बाकीचे लोक काय पीराकडं बघून ढेकर देतील?"

"लहानपणी व्हायची तशी. पातळ रस्सा, ताटात दोन-दोन फोडी. बाकी येसराची आमटी, पाटवड्या, वांगी. समदे पोटभर जेवतील."

"नाम्या, ही कंदुरी हाय, सप्ता न्हाई!"

"नवस कुणी बोलला? मी. किती बोकडं बोललो? एक. पीर एकावर खूश हाय, मग तू कावून नाराज?"

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, बापजाद्यापासून गावची सुरी आमच्या घरात हाय. कुणाची बी कंदुरी आसू दे, देग बशीर मुलाण्याची. लोक आठ आठ दिस बोटं हुंगत फिरतात. मी एका बोकडात एवढा गाव फसवू का? दुसरा आचारी बघ जा!

तू हासलास. ती तुझी घाणेरडी सवय, समोरचा पेटला की हासायचं. टोपी झटकलीस आन् म्हणलास, "उद्या दुकानावर येतो. राहिलेलं उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या अंकुशचा फोन आला. झोपेतच गेलास. ना दुखणं, ना दवाखाना. आता मी हे भांडण कुठं नेऊ, सांग बरं.

खरं सांगू? तुझ्यासारखं गिऱ्हाईक अल्लानं दुश्मनाला बी देऊ ने. मटणाच्या दुकानात बसून लोकाला मटण कमी घ्या म्हणणारा माणूस दुनियेत दुसरा आसंल का? दर रविवारी माझ्याच बाकड्यावर, माझाच चहा पिऊन! कुणी किलोभर मागितलं की तू चालू, "घरात किती जणं हाव? मग अर्धा किलो बास की." मी आत सुरी आपटायचो. एकदा तर तांब्याभर पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं. तू तसाच ओलाचिंब बसून गिऱ्हाईकाला सांगतोस, "बशीरचं मटण झकास हाय, म्हणून तर म्हणतो, झकास चीज थोडी खावी." ते गिऱ्हाईक अर्धा किलो घेऊन गेलं बी!

आन् हे समदं सुरू झालं तुझ्या पायाच्या अंगठ्यापासून. टम्म सुजलाता. अंगावरची चादर लागली तरी बोंबलायचास. आंबाजोगाईच्या डाक्टरनं सांगितलं, मटण कमी करा, पाणी भरपूर प्या, बाटलीला हात लावू नका. दुसरा आसता तर गोळ्या गिळून परत ढाब्यावर बसला आसता. तुला इचार करायचा रोग. पाय उशीवर ठेवून मला इचारतोस, "बशऱ्या, आपण लहान आसताना मटण कवा खायचो?"

मी म्हणलं, आखाडात, जत्रंला, कंदुरीला, ईदीला, आन् जावई आला तर.

"आन् आता?"

आता काय, बुधवार, शुक्रवार, रविवार, मधल्या दिवशी कोंबडी.

"मग आपण श्रीमंत झालो का आजारी झालो?"

मी तुला शिवी दिली.

बोकडं बी तू दुसऱ्यावानी विकायचा न्हाईस. बाकीचे शेतकरी दावं माझ्या हातात देतात आन् चहा प्यायला जातात. तू थांबायचास. मानंवर हात ठेवून, कानामागं खाजवत, त्याच्याशी कायतरी पुटपुटत. मी बिस्मिल्ला म्हणायचो आन् तू डोळं सुदिक मिटायचा न्हाईस. एकदा मी चिडून म्हणलं, "तरास होतो तर जा की घरी, कावून बघतोस?" तू म्हणलास, "ज्याला खायचंय त्यानं बघावं. बघवत न्हाई तर खाऊ ने." तुझं खाणं तवापासून अजून निम्म्यावर आलं. आन् माझा हात तवापासून जास्त सांभाळून चालतो, जनावराला घाई करत न्हाई. हे तुला कवा बोललो न्हाई. तुझं नाक आधीच वर, अजून कुठं चढवायचं?

अजून एक बोललो न्हाई. वरीसभर झालं, माझ्या घरात बी मटण आठवड्यातनं एकदाच शिजतंय. मुलाण्याच्या घरात! मला साखर निघाली, जुबेदानं हुकूम काढला, आन् मी तिला बजावून ठेवलंतं, "नाम्याला कळता कामा न्हाई, जगू देणार न्हाई तो मला." तू घरी आलास की ती मुद्दाम मटणाची हंडी चुलीवर दिसंल आशी ठेवायची. आत कधी कधी भोपळा आसायचा बे. घे, आता हास किती हासायचंय ते.

पण एक गोष्ट मान. तू कुणाला बंद कर म्हणला न्हाईस. त्या दुष्काळाच्या साली वाडीवरच्या बाया हंडे घेऊन उन्हात उभ्या होत्या, आन् पलीकडं कोंबड्यांच्या शेडला पाण्याचा टँकर लागलाता. तू मला गाडीवरनं उतरवून दाखवलंस, "बघ, पाणी कोण प्यायलंय." मी म्हणलं, मग काय लोकानं धंदा करू ने? तू असा वरडलास की त्या बाया बघायला लागल्या, "धंदा करा की! मी कुठं बंद म्हणतो? मी कमी म्हणतो. कमी! एवढा सोपा शब्द तुमच्या डोक्यात कावून शिरंना?" टेकडीखालच्या ओढ्याचं बी तेच. वर रविवारी चार-चार कंदुऱ्या, आन् खाली आतडी, खुरं, पत्रावळ्या. आपण पोहायचो त्या ओढ्यात. आता नाक दाबून जावं लागतं. तू म्हणायचास, कंदुरी करा, पण ओढा तुंबंल एवढी कशाला?

कमी हा शब्द खरंच कुणाच्या डोक्यात शिरला न्हाई. आपल्याकडं दोनच माणसं कळतात, एक खाणारा आन् एक माळकरी. मधला कुणाला कळतच न्हाई. तुला आठवतंय ना परळीकडच्या पाव्हण्याच्या नातवाचं जावळ? तू म्हणलास, "मला फोडी नको, नुसता रस्सा वाढा." झालं! पाव्हण्यानं तुला धरून उठवलं आन् माळकऱ्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. तू म्हणतोस, "आवो, मी माळकरी न्हाई." ते म्हणतात, "लाजता कावून अण्णा? चांगलंच हाय की." दुसऱ्या दिवशी गावभर झालं, नामदेवअण्णानं माळ घातली. पारावरची म्हातारी माणसं तुला "राम कृष्ण हरी" करायला लागली. माळकऱ्यांच्या दगडूबुवांनी तुला सप्त्यात टाळ देऊन उभं केलं, आन् तुझा एक टाळ वेळेवर पडंल तर शपथ!

आन् मग बकरी ईद आली. तू दरसालावानी माझ्या घरी जेवायला बसलास, नळी हातात, रस्सा कोपरापर्यंत. नेमका लिंबाजीमामा दारातनं डोकावला. लिंबाजीमामा म्हणजे आख्ख्या गावात ताटातल्या फोडी मोजून जेवणारा एकमेव माणूस. तो तिथंच बोंबलला, "आरारारा! माळ घालून मटण खातो ह्यो!" आठ दिस तू शर्टाच्या गुंड्या काढून गावाला गळा दाखवत फिरलास, "बघा की, कुठं हाय माळ?" मी आन् जुबेदा पोट धरून हासलो. तू सोता बी हासलास, पण मला आतनं कळलं, तुला लागलंतं. एवढं साधं सांगतोय आन् कुणालाच समजंना, हे लागलंतं.

तुझ्या मातीच्या दिवशी तर एक जण म्हणलाच, "एवढं जपून खाल्लं, काय झालं? गेलाच ना." मी चितंपाशी उभा होतो, न्हाईतर त्याची गचांडी धरली आसती. आरं, मरायचं तर समद्यालाच हाय. मटण खाणाऱ्याला काय अमरपट्टा दिलाय का? पण ज्याला चादर सोसत नव्हती तो माणूस आदल्या दिवशी ठेसनापासून शेतापर्यंत पायी गेलता. माझ्याशी भांडून, गाणं गुणगुणत. आसं मरण मला बी यावं.

मग एक दिस अंकुश दुकानावर आला. तुझा पोरगा आता सरकारी कामं घेणारा मोठा गुत्तेदार हाय, पांढरे कपडे, पंचायत समितीला उभं राहायचं डोक्यात. पण पोरगा वाईट न्हाई, बापाचं नाव घेताना त्याचा आवाज फुटला. म्हणला, "चाचा, अण्णांचा नवस ऱ्हायला न्हाई पायजे. गोठ्यात त्यांचीच पाच बोकडं हायत. पाची कापू. लोकानं नाव काढलं पायजे. कमीपणा नको."

नाम्या, माझ्या मनातलंच माझ्या दारात चालत आलं! पाच बोकडं, दोन देगी, बशीर मुलाण्याचं नाव. मी बरं म्हणलं, पण पोरगा गेला तसं दुकानाचं दार ओढलं. तुझ्या घरी, मंदावहिनीकडं गेलो. त्या म्हणल्या, "मला इचारू नका भावजी. ते तुमचं आन् त्यांचं भांडण हाय."

मी पाच कापली तर कंदुरी झकास होणार, आन् तू गैरहजर आसताना मी भांडण जिंकणार. आसलं जिंकणं कोणत्या हरामखोराला पायजे? आन् एकच कापलं आन् लोक आर्धपोटी उठले, तर माझं नाव जाऊ दे मसणात, पण तुझं? "नाम्यानं मेल्यावर बी लोकाला उपाशी मारलं," हे गावात नातवापंतवापर्यंत चाललं आसतं. सारिकाच्या पोरीला बी टोमणं बसलं आसतं. कोणत्या बाजूला वळू बे? तू आसतास तर तुलाच शिव्या देऊन मोकळा झालो आसतो.

काल सकाळी पाची बोकडं टेकडीवर नेली. काळीभोर, तुकतुकीत, तुझ्या हातची. कडूलिंबाखाली बांधली. पहिलं घेतलं. तू करायचास तसं आधी कानामागं खाजवलं. कापलं, सोललं, फोडी केल्या. मग सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आन् पिशवीत घातली.

अंकुश पळत आला. "चाचा, बाकीची?"

"बाकीची बांधलेलीच राहतील. तुझ्या बापाचा शबुद एकाचा होता."

"चाचा, माणसं बघा किती येतायत! मग कमी पडल्यावर कापून शिजवणार कवा? लोक थांबतील का?"

मी त्याचा हात धरला. म्हणलं, "कमी पडलं तर माईक घे आन् सांग, बशीर मुलाण्यानं घात केला. सुरी ओढ्यात टाकीन. परत कुणाच्या कंदुरीला पाऊल ठेवणार न्हाई." तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

आता खरी गंमत ऐक. कंदुरीत माळकऱ्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पळी वेगळी. मी तिकडं हात लावत न्हाई, रीत हाय ती. तिथं दगडूबुवा शिजवतात, आन् बुवांचं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. कंदुरीला माळकरी येतात ते पीरासाठी, जेवायला न्हाई. पण तुझा सगळा बेत त्याच चुलीवर उभा होता. मी आदल्या दिवशी निरोप धाडल्यावर वहिनींनी येसूर कुटून पाठवलाता, भाजल्या डाळीगव्हाचा आन् खड्या मसाल्याचा, घरचा. वाडीवरच्या बायांनी पाटवड्यांच्या पाट्या भरून दिल्या. बुवांनी आयुष्यात येसराची तर्री केली न्हाई, आन् मला हात लावायचा न्हाई!

मग मी काय केलं? त्यांच्या चुलीपासून लांब एका धोंड्यावर बसलो आन् तिथनं वरडायला लागलो. "बुवा, कांदा अजून काळा होऊ द्या! आवो, भिऊ नका, काळा! आता खोबरं! आता लसूण!" बुवा घामाघूम. "बशीरभाई, जळंल की!" "जळू द्या थोडं! त्याच्यातच जीव हाय!" आन् चाखायचं कुणी? नैवेद्याआधी बुवा जिभंला लावणार न्हाईत, मी पळी धरणार न्हाई. निव्वळ वासावर चाललो आमी दोघं. वारा फिरला की मी धोंडा बदलायचो. येसूर पडला, कढ आला, तर्री वर चढली, आन् नाम्या, तो वास! माझ्या देगेपाशी उभी आसलेली माणसं मान वळवून तिकडं बघायला लागली. बुवा पळी हातात घेऊन नाचायचेच बाकी होते. "बशीरभाई, हे आपण काय केलं हो!"

पंगती बसल्या. लिंबाखाली खाणाऱ्यांची, चिंचंखाली माळकऱ्यांची. माझ्या बाजूला रस्सा भाकरी आन् दोन-दोन फोडी. लिंबाजीमामा पहिल्या रांगंत. ताटात बघितलं, परत बघितलं, आन् समद्यांना ऐकू जाईल आसा म्हणला, "बशीर, बोकड कापलं का चिमणी?" लोक हासले. माझ्या कानातनं वाफा निघाल्या. अंकुश तिकडं खाली मान घालून उभा. मी मनात म्हणलं, नाम्या, गेलो आपण दोघं बी.

मामानं रस्सा वरपला. चांगला होता बे, खोटं कशाला बोलू, एकाच बोकडाचा आसून पण चांगला होता. तेवढ्यात वारं चिंचंकडनं आलं. मामाचा घास हातातच राहिला. "ते काय शिजलंय तिकडं? आण रं जरा वाटीभर."

बुवांचा वाढपी जागचा हालंना. "मामा, ही पळी त्या ताटात यायची न्हाई."

"मग मी येतो की तिकडं!" मामा उठला, हात धुतला, खळखळून चूळ भरली, आन् निघाला चिंचंकडं. आता बुवा आडवे. "मामा, आत्ता खाऊन आलाव, आमच्या पंगतीत कसं बसता?" मामा अधांतरी. इकडं ताट सोडलं, तिकडं जागा न्हाई. आन् कुठनं आलं काय माहीत, माझ्या तोंडातनं निघालं, "तिसरी पंगत धरा! मधी! हात धुवा, नवी पत्रावळ घ्या, बुवा वरनं वाढतील!"

मामा एकटा मधी बसला, लिंब आन् चिंच ह्याच्या मधल्या उन्हात. आमटी आली, पाटवडी आली. त्यानं भाकरी कुस्करली, एक घास घेतला आन् डोळं मिटलं. मग नुसता हात वर करून अजून मागितली. कुणीतरी वरडलं, "राम कृष्ण हरी, मामा!" आन् टेकडीवर हशा फुटला. पण हासता हासता दुसरा उठला. मग तिसरा. मग चूळ भरायला नळावर रांग लागली रे! वरच्या गावचे, खालच्या गावचे, अंकुशचे पांढरे कपडेवाले दोस्त, समदे मधी. अंकुशनं सोता बादली उचलली आन् वाढायला लागला, सदऱ्यावर तर्री सांडली तरी भान न्हाई. थोडं मटण, थोडी आमटी, ना माळ, ना बोभाटा. लिंबाखालची रांग आखडली, चिंचंखालची तेवढीच, आन् मधली लांबतच गेली. ती तुझी पंगत होती नाम्या. तू जन्मभर जिला जागा मागत होतास ती. मी देगेआड जाऊन तोंडावर गमचा घेतला आन् रडलो. आन् रडता रडता हासत होतो.

शेवटची पंगत उठली तवा देगेत रस्सा उरलाता. माझ्या हयातीत कंदुरीची देग उरलेली मी बघितली न्हाई. खाली ओढ्यात काल काहीच गेलं न्हाई, एका बोकडाची आतडी-खुरं खड्डा खणून पुरली. लिंबाजीमामा जाताना माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, टोमणा मारतोय. म्हणला, "माझ्या नातीचं जावळ हाय पुढच्या महिन्यात. असंच कर." आता माझ्या धंद्याचं काय रे? कमी बोकडं, तर कमी देग. जुबेदाला म्हणलं तर ती म्हणती, धोंड्यावर बसून वरडायचे पैसे घ्या.

दिवस कलला. लिंबाखाली चार बोकडं तशीच, पाला खात. अंकुश म्हणला, "मी गाडीत टाकून नेतो चाचा." मी न्हाई म्हणलं. चारी दावी सोडली आन् चालत निघालो, तुझ्या शेताकडं.

तुला सांगतो, बोकड घेऊन चालायची मला सवय हाय, पण एकाच दिशेनं. शेतातनं दुकानाकडं. त्या वाटंला ती मागं ओढतात, पाय रोवतात, मला त्यांना खेचावं लागतं, सारी जिंदगी खेचलंय. काल ती पुढं पळत होती बे! गोठा दिसला तशी चौघं मला ओढायला लागली. मी धापा टाकत मागं, टोपी पडली, चप्पल तुटली, वाटंनं येणारी जाणारी माणसं थांबून बघतायत, बशीर मुलाण्याला बोकडं कुठं घेऊन निघाली.

वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एक एक बोकड बघितलं. "भावजी, ही परत कशी?"

"लागलीच न्हाईत, वहिनी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. तू गेल्यापासून ती बाई माझ्यासमोर रडली नव्हती. मग डोळं पुसून म्हणल्या, "हे आसते तर आज इथं नाचले आसते."

नाम्या, दावी हातातच होती. पांढऱ्या दाढीचा मुलाणी मी, एका पायात चप्पल, घसा बसलेला. तुझ्या वाटचा मी नाचलो.